चौदा नंबरचा टॉवेल

चारशे अकरा कार्डं पंच केली होती मी,
एकेक भोक हाताने,
मल्लेशम येमूल टॉवेलवर उतरावा म्हणून.
जकार्डाला माणूस कळत नाही.
भोक असेल तिथे धागा वर येतो,
नसेल तिथे दबून राहतो.
एवढ्यावरच चेहरा आला.
नाक जरा बसकं,
पण साखर पेठेत सगळे म्हणाले, तोच की बे.

त्या वर्षी तो टॉवेल आहेरात गेला,
पोरांच्या गळ्यात गेला,
गड्ड्यावर पाळण्याशेजारी एकाने अडीचशेला विकला.
डाव्या पायाचा येमूल, चौदा नंबर,
देशाच्या निळ्या शर्टात.
आमच्या गल्लीत फुटबॉल कुणाला कळायचा?
पण ऑफसाइड म्हणजे काय
हे कापड दुकानातले मुनीमसुद्धा
कात्री हातात धरून समजावून सांगायचे.

त्याची आई विडी घरकुलात विड्या वळते.
हजारातल्या किती छाट निघाल्या
हे कारखान्यात गेल्यावरच कळतं तिला,
घरी सगळ्या सारख्याच दिसतात.
टीव्हीसमोर सूप मांडीवर घेऊन बसायची,
पोरगा बाकावर दिसला की विचारायची,
पाय दुखतोय का त्याचा?
कुणी उत्तर द्यायचं नाही.

आधी साठाव्या मिनिटाला बाहेर.
मग त्र्याऐंशीव्याला आत.
मग नुसताच बाजूला धावताना दिसायचा,
वॉर्मअप, वॉर्मअप,
जसा उन्हाळ्यात बंद गिरणीचा भोंगा
कुणाच्या तरी डोक्यात वाजत राहतो.
त्या पेनल्टीच्या रात्री
चहाच्या हॉटेलात तीसचाळीस जण होतो.
चेंडू बारला लागला, वर गेला.
क्षणभर कपबशीसुद्धा वाजली नाही,
आणि मग पहिला आवाज आला:
म्हातारा झालास, घरी बस.
तो आवाज माझा होता.
बाकीचे नंतर ओरडले.

उरलेले टॉवेल आम्ही फाडले.
मागाचं तेल पुसायला सुती कापड चांगलं लागतं.

परवा तो कारखान्यात आला.
मे महिना, पत्रा तापलेला,
गुडघ्याला पट्टा, देवळात यावं तशी चप्पल दारात काढलेली.
म्हणाला, वीस टॉवेल हवेत, पोरांना शिकवतोय.
साधे द्या. नाव नको.
बाजूला इब्राहिम त्याच्याच कपाळाने
शटल पुसत होता.
येमूलने बघितलं.
हिशेब होईपर्यंत उभा राहिला,
जमिनीवर पडलेला सुताचा रिकामा कोन
डाव्या तळव्याखाली फिरवत,
पुढे, मागे, जरा बाहेर,
न बघता.
कोन एकदाही निसटला नाही.

बावीस माग चालू होते.
त्या आवाजात कान उपयोगाचे नाहीत,
म्हणून मला धीर आला.
म्हणालो, त्या रात्री पहिला मी ओरडलो होतो.
म्हणालो म्हणजे, नुसते ओठ हलवले.
विसरलो होतो
की तो मागवाल्याचा पोरगा,
बापाशी बोलायला ओठ वाचूनच शिकलेला.

तो हसला नाही, रागावलाही नाही.
त्याचेही ओठ हलले,
सावकाश, मला नीट वाचता यावेत इतके:
दुसरा नाही तुम्ही.
पहिला मीच. धाव घ्यायच्या आधीच.

एवढ्यात लाईट गेली.
सगळे माग एकदम थांबले
आणि ती शांतता इतकी मोठी होती
की दोघांनाही काही सुचेना.
इब्राहिमने हातातलं फडकं पाठीमागे लपवलं, उशिरा.

येमूल खाकरला.
नाक बरोबर आलेलं नाही, म्हणाला,
आणि पक्की पावती मागितली.